भरल्याचा दिनांक

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. मावशीस,
मच्छिंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. सोबतचे वर्तमानपत्राचे कात्रणही मिळाले. पाळीव प्राण्यांच्या खाद्यात बुरशी सापडल्याची ती बातमी मी दोनदा वाचली. तिच्याखाली तू पेन्सिलीने ‘आपल्या खडूचे काय?’ एवढेच लिहिले आहेस, म्हणून हे सगळे पत्र त्याच्याबद्दलच लिहितो.

मावशी, तू काळजी करू नकोस. बातमी लांबच्या कुठल्या तरी कारखान्याची आहे. खडूचे खाद्य मी स्वतः भरतो. आमच्या दुकानात खाद्य दोन प्रकारे विकतात, एक कंपनीच्या बंद पिशवीत आणि दुसरे सुटे. वीस किलोचे पोते फोडून त्याच्या एक-दोन किलोच्या साध्या पिशव्या भरायच्या, तोंड बंद करायचे आणि वर चिठ्ठी चिकटवायची, हे माझे काम. चिठ्ठी मी हाताने लिहितो. वर ‘पौष्टिक श्वानखाद्य’, त्याखाली वजन आणि सगळ्यात खाली ‘भरल्याचा दिनांक’. रणजितशेठ म्हणतात की छापील चिठ्ठ्यांपेक्षा माझ्या अक्षरातल्या पिशव्या लवकर जातात. ज्याने ‘पौष्टिक’मधली वेलांटी ऱ्हस्व काढली, त्याचा माल वाईट कसा असेल, असे पेठेतल्या लोकांना वाटते म्हणे. हे त्यांनी कौतुकाने म्हटले की टोमणा मारला ते मला कळले नाही. शेठचे बोलणे नेहमी तसेच असते. परवा एका आजोबांनी विचारले की याची मुदत कधी संपते, तर शेठ म्हणाले की तुमच्या कुत्र्याची तक्रार असेल तर त्यालाच घेऊन या, आपण समोरासमोर बोलू.

खडूची भाकरी बंद करून त्याला हे खाद्य द्यायचा सल्ला माझाच होता, म्हणून मी जास्त जपतो. तो आता नऊ वर्षांचा झाला, म्हणजे कुत्र्यांत म्हाताराच. प्रथिने, कॅल्शियम सगळे मोजून पोटात गेले पाहिजे. मी करून दिलेला तक्ता तू ओट्याच्या वर लावला आहेस, असे शेजारच्या शेफालीताईने सांगितले. दहावीला गणितात राहिलेल्याचा तक्ता कोणी भिंतीवर लावील असे मला वाटले नव्हते. ते दिवसभर डोक्यात राहिले.

रविवारी शेफालीताई स्कूटरवरून इकडे आली होती, तिच्याबरोबर दोन किलोच्या दोन पिशव्या दिल्या आहेत. निर्धास्तपणे घाल. खडूच्या कानामागे माझ्या नावाने खाजव. तुझा आशिर्वाद असू दे, मला बाकी काही नको.

तुझा,
मच्छिंद्र

---

खडकी
शुक्रवार, ९ ऑगस्ट

चि. मच्छिंद्र यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र परत पाठवते आहे. त्यात लाल पेनाची एकच खूण आहे. आशीर्वादातला शी दीर्घ. तो आखडता घेतला तर आशीर्वाद पोचत नाही, असे मी दुसरीच्या पोरांना सांगत असे, आणि तीस वर्षांत एकानेही मला खोटे पाडले नाही. दुरुस्त कर आणि नेहमीप्रमाणे पक्के करून पाठव. खाडाखोडीचे पत्र मी वाचत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

इकडे ठीक. डाव्या कानाचे यंत्र आता नुसते दागिन्यासारखे घालते. उजव्याने तर मार्चपासून राम म्हटले आहे. तरी माझे काही अडत नाही, समोरच्याचे ओठ बघून बोलणे कळते. काल गॅसवाला आला तेव्हा मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खडू धावत आला, पदराचे टोक दातात धरले आणि दारापर्यंत ओढत नेले. बेल वाजली की पदर ओढायचा, हे त्याला तुझ्या काकांनी शिकवले. तो शाळेच्या भिंतीशी सापडला तेव्हा मुठीएवढा होता, म्हणून मी त्याचे नाव खडू ठेवले. त्याला एवढे शिकवता कशाला, असे मी काकांना विचारत असे, तेव्हा ते हसायचे. माझे कान जाणार हे त्यांना माझ्याआधी कळले होते. आता माझ्या एकाही साडीचा पदर धड नाही. शेफाली म्हणते की याची फॅशन आणू.

नव्या पिशवीबद्दल. पहिल्या दिवशी त्याने वास घेतला आणि तोंड फिरवले. मीही वास घेतला. पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेसारखा आला. मी त्याच्यावर रागावले, मच्छिंद्रने हाताने भरून पाठवले आहे म्हणून सुनावले आणि वर चमचाभर तूप घातले. मग खाल्ले त्याने, माझ्याकडे बघत बघत.

एक विचारायचे आहे. चिठ्ठीवर तू भरल्याचा दिनांक ४ ऑगस्ट लिहिला आहेस. अक्षर छान आहे. पण ते तयार कधी झाले? मी आज एखादी जुनी साडी ट्रंकेत भरली तर तिचाही भरल्याचा दिनांक आजचाच होईल. ती विणली केव्हा, ते वेगळे.

उत्तर दे. खडू आणि मी वाट बघतो. तो दाराकडे बघतो आणि मी त्याच्याकडे.

तुझी,
मुक्तामावशी

---

सदाशिव पेठ, पुणे
शनिवार, १७ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
मच्छिंद्रचा कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आशीर्वाद दीर्घ करून मागचे पत्र सोबत जोडले आहे. माझी प्रकृती चांगली आहे. पावसामुळे खोलीत कपडे वाळत नाहीत, पण वरच्या मजल्यावरच्या मुलांनी त्यांच्या दोरीवर जागा दिली आहे. तुझ्या कानाच्या यंत्राबद्दल वाचून वाईट वाटले.

तू विचारलेला प्रश्न मी दुकानात विचारला नाही, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते. आमच्याकडे ‘तळ वर’ करतात. पोते संपत आले की तळाला तीन-चार किलो उरते. ते फेकत नाहीत. नवे पोते फोडले की जुना तळ त्याच्यावर ओततात आणि तिथून भरायला सुरुवात करतात. त्या पोत्यातही तळ उरतो, तो पुढच्यावर जातो. त्यामुळे एका पिशवीत किती पोती आहेत आणि कधीची आहेत, हे कोणीच सांगू शकत नाही. कंपनीची तारीख पोत्यावर असते आणि पोते भंगारात जाते. उरते ती माझी चिठ्ठी.

जुलैच्या शेवटी गोदामाच्या पत्र्यातून एका पोत्यावर पाणी गळले होते. शेठनी ते पंख्याखाली पसरायला लावले. हिरवट दाणे मी हाताने वेचून काढले. मी फार बारकाईने वेचले, मावशी. दोन दिवस वेचत होतो. उरलेले वाळल्यावर चांगले दिसत होते.

आज दुपारी एक वाजता तनुजाताई म्हणून आमच्या एक ग्राहक आल्या. त्यांच्या लॅब्रॅडोरला चार दिवस उलट्या होत आहेत आणि त्याचे डोळे पिवळे झाले आहेत. डॉक्टर म्हणाले की खाद्यातल्या बुरशीचे विष यकृतात गेले आहे, पिशवी घेऊन या. बुरशी वेचून काढली तरी विष दाण्यात राहते आणि उन्हाने किंवा उकळून जात नाही, असेही म्हणाले. पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. चिठ्ठी माझी होती. दिनांक ४ ऑगस्ट. शेठनी त्यांना विचारले की कुत्रा रस्त्यावरचे काय काय खातो त्याची वही ठेवता का. त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, ‘पौष्टिक’पासून शेवटपर्यंत, आणि पिशवी घेऊन गेल्या.

खडूच्या पिशव्या त्याच पोत्याच्या आहेत. त्याला ते खाद्य घालणे ताबडतोब थांबव. उरलेले कोणाला देऊ नकोस, बाहेरही टाकू नकोस. त्याला डॉक्टरांकडे ने.

कळावे. उत्तराची वाट बघतो. लोभ असावा.

तुझा,
मच्छिंद्र

---

खडकी
सोमवार, २६ ऑगस्ट

चि. मच्छिंद्र यास,
अ. उ. आ.

खडू शनिवारी सकाळी गेला.

तुझे पत्र मला गुरुवारी, २२ तारखेला मिळाले. पत्रावर तारीख १७ आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का २० चा आहे. मी ते दोन्ही भिंगाखाली धरून बघितले. पिशवीवर तू नंतरची तारीख लिहितोस आणि पत्रावर आधीची. मधले दिवस दोन्हीकडे मलाच मोजावे लागले.

ते दिवस असे गेले. रविवारी त्याने तोंड लावले नाही. मला वाटले, पोट बिघडले असेल, तर हलके आणि पौष्टिक पोटात जावे. म्हणून सोमवारी आणि मंगळवारी तेच दाणे कोमट दुधात भिजवून, मऊ करून मी हाताने भरवले. त्याने माझ्या हातून खाल्ले. माझ्या हातचे त्याने कधी नाकारले नाही. बुधवारी त्याच्या डोळ्यांत हळदीसारखा रंग दिसला. शेफालीने रजा टाकली आणि रिक्षाने आम्हाला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सुई दिली, सलाईन लावले आणि विचारले की हा काय खातो. मी अभिमानाने सांगितले. तक्तासुद्धा सांगितला, पाठ होता.

गुरुवारी दुपारी मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. त्याला उठता येत नव्हते. त्याने मान उचलली, माझा पदर दातात धरला आणि पडल्या जागेवरून ओढला. दोनदा ओढला. मी दार उघडले, तर पोस्टमन होता. तुझे पत्र त्याने असे मला आणून दिले.

पत्रात एकही चूक नाही. ‘ताबडतोब’ फार सुंदर लिहिले आहेस.

डॉक्टरांना मी विचारले की मग घालावे तरी काय. ते म्हणाले की घरचे साधे घाला, नाहीतर कंपनीची बंद पिशवी घ्या, तयार केल्याची तारीख बघा आणि संपेपर्यंत ती पिशवी फेकू नका. मी मान डोलावली. हे आता मी कोणासाठी लक्षात ठेवू, ते त्यांना विचारले नाही.

तक्ता काढलेला नाही. त्यावर तुझी आणि त्याची, दोघांची नावे आहेत.

आशीर्वाद आहेतच. दीर्घच आहेत.

मुक्तामावशी

---

सदाशिव पेठ, पुणे
गुरुवार, २९ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारले नाहीस, पण मी सांगतो.

१७ तारखेला, शनिवारी, एक वाजता मला कळले. दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत मी कच्चे पत्र लिहिले आणि त्यावर तारीख घातली. त्यात खाडाखोड होती. रविवारी पोस्ट बंद असते, म्हणून ते पक्के करायला घेतले. ‘ताबडतोब’वर शाईचा थेंब पडला. दुसरा कागद घेतला. सोमवारी दुकानातून आल्यावर ‘यकृत’ बरोबर आहे का अशी शंका आली, शब्दकोश आणायला मित्राकडे गेलो, तो भेटला नाही. मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा लिहिले आणि पेटीत टाकले. तारीख मात्र पहिल्या कागदावरची उतरवली. ती खोटी नाही असे मला त्या वेळी वाटले होते.

सदाशिव पेठेतून खडकीला यायला बसने पाऊण तास लागतो. शेफालीताईचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. त्या चार दिवसांत मी तो पाच वेळा काढला. ती बोलली असती तर मलाही बोलावे लागले असते, आणि बोलण्याचे कच्चे करता येत नाही. खरे सांगतो मावशी, पत्र पक्के होईपर्यंत ते घडलेले नाही असे मला वाटत होते. शुद्ध करत राहिलो तर त्यातले विषही वेचून निघेल असे वाटत होते.

तू लाल खुणा केल्यास म्हणून मी भ्यालो, असे समजू नकोस. त्या खुणांमुळेच मी चार अक्षरे नीट लिहितो. भीती माझी होती, तिला मी शुद्धलेखन म्हटले.

तनुजाताईंचा कुत्रा वाचला. त्यांनी स्वतः येऊन सांगितले, माझ्याकडे न बघता. त्या पोत्याच्या आणि त्याच्या पुढच्या पोत्यांच्या मिळून किती पिशव्या गावात गेल्या, ते मला आठवत नाही. कोणी नेल्या, ते कुठेच लिहिलेले नाही. रस्त्याने जाताना वरच्या खिडक्यांकडे बघतो. कोणत्या तरी स्वयंपाकघरात, फळीवर, माझे अक्षर उभे आहे. कोणी तरी तोंड फिरवले आहे आणि कोणी तरी त्यावर तूप घालत आहे. दाणे तराजूत ओतताना आवाज होतो, तो मला चावण्याचा आवाज वाटतो. मी हात थांबवतो, तरी तो थोडा वेळ चालू राहतो. बोटांना ट्रंकेचा वास येतो. तू वास लिहिलास तेव्हापासून येतो.

आज शेठनी उरलेल्या अकरा पिशव्यांच्या चिठ्ठ्या बदलायला सांगितल्या. नवा दिनांक घाल म्हणाले. मी पेन घेतले आणि ‘भरल्याचा’ एवढे लिहिले. पुढचे लिहवेना.

लोभ मागण्याची ही वेळ नाही. तरी खाली जागा सोडतो.

मच्छिंद्र

---

खडकी
शुक्रवार, १३ सप्टेंबर

चि. मच्छिंद्र यास,
अ. उ. आ.

परवा शेफालीने तिच्या फोनवर एक फोटो दाखवला. तुमच्या दुकानाच्या शटरवर तपकिरी कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर जाड पेनाने लिहिले आहे. अक्षर ओळखू येत नव्हते, इतके वेडेवाकडे. सुट्या खाद्यामुळे विशबाधा झाली आहे, ऑगस्टच्या सर्व पिशव्या परत आणा, कुत्र्याला घालणे ताबडतोप थांबवा, त्याने तोंड फिरवले तर जबरदस्ती करू नका. खाली तुझे नाव आणि फोन नंबर. दोन ढळढळीत चुका. मी शेफालीला तो फोटो मोठा करायला लावला आणि पुन्हा वाचला. लाल पेन माझ्या हातात होते, पण काचेवर खूण करता येत नाही. करायचीही नव्हती.

शेठनी कागद फाडला आणि तुला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितले, हेही शेफालीने सांगितले. म्हणाले म्हणे की या मुलाला एवढे शुद्ध लिहिता येत होते, शेवटी अक्कल अशुद्धच निघाली. पण फाडण्याआधी लोकांनी फोटो काढले आणि तो कागद आता गावभर फिरतो आहे. सव्वीस पिशव्या परत आल्या, असे तू शेफालीला सांगितलेस. मला सांगितले नाहीस.

आता माझे ऐक. हे मी अजून कोणाला बोललेले नाही.

खडू गेल्यानंतर मला वाटले होते की दार आता बंदच राहणार. तसे झाले नाही. तो गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि पदर ओढला गेला. खिळ्यात अडकला असेल म्हणून मागे बघितले, तर खिळा नव्हता. पुन्हा ओढला. मी दार उघडले, तर मीटर बघणारा माणूस बेलवर बोट ठेवून उभा. त्यानंतर दूधवाला. त्यानंतर शेफाली, जिला मी विचारले की बेल वाजवली होतीस का, तर म्हणाली दोनदा. पदराचे तिला सांगितले नाही. म्हातारीचे कान गेले, आता डोकेही, असे तिला वाटायला नको. पण मी पदराचे टोक बघते. ते ओले असते.

मी घाबरत नाही. फक्त त्याच्याकडे बघायचे टाळते. म्हणजे जिथे तो असेल तिथे. भरवताना तो माझ्याकडे बघत होता ना, ते अजून संपलेले नाही.

काल, गुरुवारी, अकराच्या सुमारास असाच पदर ओढला गेला. एकदाच, हळू. मी दार उघडले, तर दारात कोणी नव्हते. पायऱ्यांवर, खालच्या वळणाला, तुझी पाठ होती. निळा शर्ट. कडीला तांदळाची पिशवी लटकवलेली. समोरच्या शेजारणीला विचारले, ती म्हणाली की बेल वाजलीच नाही.

तू बेल वाजवली नव्हतीस. मग मला कोणी उठवले?

ये. काही लिहून आणू नकोस. बेल वाजवायचीही गरज नाही.

तुझी,
मुक्तामावशी

---

सदाशिव पेठ, पुणे
सोमवार, १६ सप्टेंबर

ती. मावशीस,
मच्छिंद्रचा नमस्कार.

या पत्राचे कच्चे नाही. आजची तारीख आजचीच आहे. हे बस थांब्यावर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, म्हणून ओळी चढल्या आहेत आणि एका ठिकाणी खोडले आहे. कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आहे, तिच्यात हे टाकणार आणि पुढची बस पकडणार. कपडे पिशवीत आहेत. तू ठेवशील तितके दिवस राहीन.

गुरुवारी बेलवर बोट ठेवले होते, दाबले नाही. खाली वळणाला आलो तेव्हा वर दार उघडल्याचा आवाज आला आणि मी पळालो.

आज संध्याकाळच्या आत मी तुझ्याकडे असेन. हे पत्र बुधवारी किंवा गुरुवारी येईल. म्हणजे या वेळी मी आधी पोचतो आणि पत्र नंतर.

पोस्टमन हे घेऊन येईल तेव्हा बेल मला ऐकू येईल, तुला येणार नाही. तू तांदूळ निवडत असशील. मी तुला काही सांगणार नाही, हातही लावणार नाही. गप्प बसून तुझ्या पदराकडे बघेन.

तू उठलीस, तर मी तुमच्या मागे दारापर्यंत येईन.

तुझा,
मच्छिंद्र